कच्चं पुसायचं नाही

नाही नाही, दोन डिस्कमध्ये नाही भागायचं, साहेब — वहिनी तसं सांगून गेली असेल, पण ती सांगून गेली म्हणजे झालं का? स्टुडिओचा तो डिस्कांचा डबा काय तिच्या एकटीचा आहे? तिची एक डिस्क, माझी एक, आईची एक — तिन्ही तुमच्यासमोर टेबलावर उघड्या पडल्यात, वायरी लावून, आणि ती स्क्रीनवरची पट्टी सरकतेय गोगलगायीसारखी — मग तिघांचं ऐका की. आईला यातलं काही म्हणजे काही कळत नाही, तिचं मत तिनं मला दिलंय. म्हणजे माझी दोन मतं झाली. दोनाविरुद्ध एक. — हसू नका. सकाळपासून पोटात काही नाही माझ्या आणि तुम्ही हसताय. — काय सांगितलं तिनं, परत सांगा. नवीन डबा घ्यायचा, त्यात दोन डिस्क, एकीत जे लिहिलं तेच दुसरीत आपोआप लिहिलं जाणार, आरशासारखं. एक मेली तर दुसरी आहेच. आणि त्यात नुसतं 'तयार' नावाचं फोल्डर ठेवायचं, बाकीचं कच्चं, न कापलेलं शूटिंग सगळं पुसून टाकायचं. हेच ना? हेच. मला फोनवर पण हेच म्हणाली. भाऊजी, गिऱ्हाइकांची तयार कामं तेवढी काढून घ्या, कच्चं काही ठेवू नका. — भाऊजी! आजवर मला नावानं हाक मारायची, ओरडायची, कानाला धरून ताटावर बसवायची, आणि आता भाऊजी. जसा काही मी शेजारच्या गल्लीतून आलोय.

साहेबच म्हणतो हां तुम्हाला, राग नको. मघाशी दारातून आत येताना 'दादा' असं तोंडात आलं होतं, गिळलं. सगळे कुणालाही दादा म्हणतात — ड्रायव्हरला दादा, वॉचमनला दादा, चहा देणाऱ्याला दादा. मीही म्हणायचो. आता जमत नाही. चार महिने झाले माझ्या दादाला जाऊन. झोपेत गेला. रात्री उशिरा एका लग्नाचं शूटिंग करून आला, बूट काढले, डबा चालू केला, दिवसभराचं सगळं त्यात भरायला लावलं — ती त्याची पद्धत, आधी डब्यात, मग जेवण — आणि झोपला. सकाळी वहिनी चहा घेऊन गेली. बास. एवढंच आहे ते, यात आणखी काही सांगण्यासारखं नाही. तो शूटिंग करायचा आणि मी लाइट धरायचो. आठवीत शाळा सोडली तेव्हापासून. दादा पुढं कॅमेरा घेऊन, मी मागं लाइटचा दांडा घेऊन. लोक मला 'लाइटवाला' म्हणूनच ओळखतात, माझं नाव आई-वहिनीशिवाय कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

वाटणीचं खरंच विचारताय? — हो, खरंच वाटल्या. लावा, लावा कपाळाला हात, मीही लावला होता, पण उशिरा. काकांचं डोकं ते. वडील नाहीत आम्हाला, त्यामुळे काका मधे बसले. म्हणाले, सामान पडून राहिलं की माणसं भांडतात, आत्ताच काय ते करून टाका. कॅमेरा मला. कॉम्प्युटर वहिनीला, कारण कापाकापी, जोडाजोडी, गाणी चढवणं, सगळं एडिटिंग तीच करायची. पडदे, स्टँड, खुर्च्या गेल्या इकडे-तिकडे. राहिला हा डबा. काकांनी पेचकस मागवला, झाकण काढलं, आणि आत बघतात तर चार डिस्क. चार खणांत चार, एकसारख्या, ओळीत. असा चेहरा उजळला काकांचा! म्हणाले, बघा, वाटणीसाठीच बनवलाय हा. एक आईला, एक वहिनीला, एक मला, आणि चौथी त्यांनी स्वतः घेतली — स्टुडिओ उभा राहिला तेव्हा धावपळ मी केली होती म्हणाले. त्या दिवशी काकांनी आमच्या चपलांचे जोड फोडून एकेक वाटला असता तरी कुणी बोललं नसतं. आणि मला नि आईला वाटलं, एकेकीत थोडी थोडी लग्नं असतील. कपाटाच्या खणांसारखं — या खणात साड्या, त्या खणात चादरी. आई म्हणाली, मावशीच्या मुलीचं लग्न ज्यात असेल ती मला द्या. तर काकांनी, अहो, हातात घेऊन वजन बघितलं! एक या हातात, एक त्या हातात. आणि आईला म्हणाले, वहिनी, ही घ्या, ही भरलेली वाटतेय.

आता कळतंय हो. तुम्ही सांगितल्यावर कळतंय. एकाही डिस्कमध्ये एकही अख्खं लग्न नाही. प्रत्येक फोटोच्या, प्रत्येक व्हिडिओच्या चिंध्या करून चौघींत टाकलेल्या. आणि तुमचं ते कागदावरचं — तेही कळलं मला, मी शाळा सोडली म्हणजे अक्कल सोडली नाही. एकीत तीन लिहिले, दुसरीत पाच, आणि तिसरीत त्यांची बेरीज आठ. पाचवाली मेली तरी आठातून तीन वजा केले की पाच परत हजर. म्हणजे चारातली कुठलीही एक गेली तरी चालतं, उरलेल्या तिघी मिळून तिला आठवतात. असंच म्हणालात ना? असंच काहीतरी. — पण एकच. दुसरी गेली की खेळ खलास. आणि एक तर आधीच गेलीये, काकांची. मी माझी घरी लावून बघितली होती ना, तेव्हा स्क्रीनवर काहीतरी आलं, ही डिस्क रिकामी आहे, नवीन करून घेऊ का, असलं. इंग्रजीत होतं. मला धड वाचता येत नाही, घाबरून 'नाही' दाबलं. काकांच्या मुलाला चांगलं वाचता येतं. त्यानं 'हो' दाबलं. आणि वर पिक्चर भरले. मी मागायला गेलो तर म्हणतो, अरे, रिकामीच होती ती, तूच बघ, आणि वरून मला विचारतो, तुला हवेत का दोन-चार, मारामारीचे आहेत. मी त्याची कॉलर धरली. काकू मधे पडली म्हणून वाचला. — तर राहिल्या या तीन. तिन्ही लागणारच, यातली एकही कमी पडून चालणार नाही, म्हणून सांगतो साहेब, ती पट्टी जरा जपून सरकवा. म्हणजे तुम्ही सरकवत नाही, कळतं मला. तरी पण.

आईची मधली. ती लोकरीच्या टोपीत गुंडाळून आणलेली, तीच. आई देत नव्हती. उशाखाली ठेवून झोपायची. मी म्हटलं, आई, त्यात काही नाही गं, नुसते तुकडे आहेत, एकटीनं तिचा उपयोग नाही. तर म्हणाली, एकटीनं कुणाचा उपयोग असतो? दोन दिवस मागं लागलो तेव्हा दिली, आणि देताना म्हणते, त्याला सांग, थंडीत ठेवू नको. तुम्हाला सांगितलंय बरं का ते. थंडीत ठेवू नका.

आता डिस्क दाखवा. ही साधी. ही दिवस-रात्र चालायला बनवलेली, डब्यातच घालायची असते, बाकीच्यांच्या धडधडीनं बिघडत नाही — हीच द्या. ती वापरलेली नको, कुणाची तरी उष्टी. पाच वर्षांची वॉरंटी — हां, पण वॉरंटी म्हणजे काय हो? मेली तर बदलून देणार. नवीन देणार. कोरी. आणि आतलं? — बघा, हात झटकलेत ना. आतल्याची वॉरंटी कुणीच देत नाही. कंपनी पत्र्याची खात्री देते, आतल्या माणसाची — आतल्या मालाची नाही. बरं, तुमचा दोष नाही. मी फक्त बोलतोय. तर यातल्याच द्या, सहा द्या. — सहाही एकाच खोक्यातल्या नको? का? — एकाच दिवशी, एकाच कारखान्यात, एकाच लॉटमध्ये बनलेल्या. एकीत जो दोष असेल तो सगळ्यांत. एक गेली की समजायचं, बाकीच्यांचीही वेळ जवळ आलीये. — असं असतं होय?

...

नाही, काही नाही. बोला तुम्ही. वेगवेगळ्या लॉटमधल्या द्या. — तेच डॉक्टर म्हणाला होता, म्हणून जरा — म्हणजे डिस्कचं नाही. वडील असेच गेले होते, चाळिशीच्या आत. मग दादा. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही सख्खे भाऊ ना? म्हटलं हो. म्हणाला, मग तुम्हीही छाती तपासून घ्या, वेळ काढू नका. मी आईला सांगितलं नाही. वहिनीला कुठून कळलं कोण जाणे, ती दर फोनला तेच — गेलात का भाऊजी, दाखवलंत का. नाही गेलो. काय करणार जाऊन? एकाच लॉटचे आहात असंच सांगणार, ते तर आत्ता तुम्हीच सांगितलंत, फुकटात. — बघू हो. बघू. तुम्ही पण वहिनीसारखे मागं लागू नका. डिस्कचं बोला.

कच्चं पुसलं तर सहाची गरजच नाही, हे माहीत आहे मला. हजारदा सांगू नका. तयार काम एवढंसं, कच्चं डोंगराएवढं, सगळी जागा खाणारा राक्षस तोच. पण गिऱ्हाईक मागतात ना कच्चं. नंतर, वर्षांनी येतात, म्हणतात, आमचं ते — बरं, कोण मागतं? कुणी नाही मागत. मी खोटं बोलतोय. आजपर्यंत एकानंही मागितलं नाही. कच्च्यात असतं काय! नवरा-नवरी आठ वेळा त्याच दारातून आत येतायत. कुणाचं तरी कार्टं लेन्समध्ये जीभ दाखवतंय. टेबलावर पाणी सांडलेलं. वहिनी हे सगळं कापायची, वर गाणं चढवायची, आणि गिऱ्हाइकाला असं काम द्यायची की त्यांनाच वाटावं, अरे, आपलं लग्न इतकं चांगलं झालं होतं? गाणं चढलं की खालचा आवाज गेला. सगळा आवाज. गलका गेला, भांड्यांचा आवाज गेला, आणि दादाचा आवाज गेला.

तो मागं असायचा ना कॅमेऱ्याच्या. कायम मागं. साहेब, आमच्याकडे त्याचा एक फोटो नाही धड. लोकांचे लाखांनी काढले असतील, त्याचा एक नाही. भिंतीवर लावायला पाहिजे होता तर लायसनवरचा मोठा करून आणला — डोळे अर्धे मिटलेले, मान वाकडी, आई तो बघतच नाही, त्याच्याखालून जाताना खाली बघते. तो कुठल्याच फोटोत नाही. तयार कामात तर नाहीच नाही. तो फक्त कच्च्यात आहे. म्हणजे दिसत नाही, तिथंही नाही दिसत — ऐकू येतो. 'काकू, जरा डावीकडे. हं. मान वर. आजोबा, हसलात तर बिल नाही येणार, हसा.' — हे त्याचं ठरलेलं, प्रत्येक लग्नात आजोबांना हेच म्हणायचा आणि प्रत्येक लग्नात आजोबा हसायचे. मला चिडवायचा, ए सूर्यनारायण, लाइट त्यांच्या तोंडावर धर, माझ्या पाठीला काय लग्न करायचंय! आणि विसरायचा हो तो. कॅमेरा बंद करायला विसरायचा. काम झालं की खांद्याला लटकवायचा आणि तसाच हिंडायचा, आणि कॅमेरा आपला चालू. मग अर्धा अर्धा तास नुसती जमीन. फरशी, बूट, वायरींची गुंतवळ, खुर्च्यांचे पाय. आणि वर आम्ही दोघं बोलतोय. कसलं बोलणं — काहीही. पेट्रोल भरायचंय. त्या नवऱ्याचा कोट मागून उसवला होता, बघितलास का. असलं. वहिनी वैतागायची. म्हणायची, तुमच्या दोघांच्या बुटांचे किती पिक्चर काढलेत तुम्ही, जागा संपली माझी, एकदा तरी बटण दाबा. ते पाहिजे मला. झालं? तेवढ्यासाठी पाहिजेत सहा डिस्क. फरशीसाठी. बुटांसाठी. आता हसा पाहिजे तर.

पाणी नको. — सांगा, दोन गेल्या तरी चालतील असं होतं का? एक गेली तर चालतं, ते चाराचं झालं. मला दोनाचं पाहिजे. — होतं? मग तेच करा. आणि एक मेली तर मी धावत येतो, तुम्ही नवीन घाला. — हो, नवीन कोरी घालायची आणि बाकीच्या तिला भरतात, आपल्या आपल्या आठवणीतून. किती वेळ? एवढा? दिवसभर, रात्रभर, आणि तेवढा वेळ उरलेल्यांवर दुप्पट ताण. जुन्या झालेल्या असतात, नेहमीच्या कामाला टिकतात, पण हे असं दुसरीला भरायचं काम अंगावर आलं की त्यातच आणखी एखादी — साहेब, हे तुम्ही डिस्कचं सांगताय का आमच्या घरचं? खरं सांगा. कारण आमच्याकडे हेच चाललंय. आईचे गुडघे गेले. वहिनी दोन माणसांचं काम करून वाळलीये, माहेरी गेली ती तशीच, कॉम्प्युटर उचलून. आणि कोरी डिस्क म्हणजे मी. सगळ्यांनी मला खणात बसवलं, म्हणाले, आता तू दादा. कॅमेरा हातात दिला. गेलो एका लग्नाला, नाही कोण म्हणतं. परत येऊन लावून बघितलं — उजेड असा पडलाय, असा सुंदर उजेड, कुणी बघितला नसेल. आणि एकाचंही डोकं चौकटीत नाही. सगळं लग्न गळ्यापासून खाली. नवरीचे हात छान आलेत. ते लोक, तुझ्या दादानं आमच्या मोठीचं शूटिंग केलं होतं, एवढंच म्हणाले, आणि मला ते ऐकून त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. गेलो नाही. आजकाल कुणाच्याही अंगावर धावून जावंसं वाटतं. तुमच्याही मघाशी वाटलं होतं, त्या वॉरंटीच्या वेळी.

वहिनीचं मला कळत नाही, हे खरं. तिच्याशी फोनवर भांडलो. म्हटलं, तुला पुसायचाय तो? असंच म्हटलं मी, 'तुला पुसायचाय तो?' म्हटलं, मला ऐकायचाय, आईला ऐकायचाय, तुला नको असेल तर तू नको ऐकूस, पण पुसायला काय सांगतेस? ती म्हणाली, भाऊजी, तुम्ही तो आवाज समोरून ऐकलात, मी कानात घालून ऐकलाय. रोज. दिवसभर. एकेक वाक्य मागं नेऊन, पुढं नेऊन. तो घरात नसतानाही तो माझ्या कानात असायचा. आता तो नाही आणि आवाज आहे, असं मला नाही चालणार. त्या डिस्क घरात आहेत म्हटलं की मला त्याचं दाराआडचं बोलणं ऐकू येतं. — मला राग आला. मला वाटलं, बायकोला नवऱ्याचा आवाज नको? असली कसली बायको? बोललो पण तसं. मग तिनं फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन तुमच्याकडे तिची डिस्क देऊन गेली. न मागता. माझ्या लक्षात आलं नाही तेव्हा — नसती दिली तर? तिला पुसायचंच होतं तर एवढी एक डिस्क विहिरीत टाकली असती की संपलं होतं. तीनच्या दोन झाल्या असत्या आणि सगळं गेलं असतं, तुमचं ते पाच आणि आठ काही कामाला आलं नसतं. तिला ते माझ्याआधी माहीत होतं, डबा तिच्याच टेबलाखाली असायचा. तरी आणून दिली. — गिऱ्हाइकांसाठी असेल. हो, गिऱ्हाइकांसाठीच. लोक मागं लागलेत ना तिच्या.

झाली? पट्टी गेली? मग बोलत का नाही तुम्ही, मी आपला बडबडतोय. — तिघी लागल्या? एकमेकींना ओळखलं? एकही खोट नाही? — बघा, आईची टोपीतली पण लागली. — आणि हे सगळं, हे — हे सगळं त्याचं? किती लांब यादी आहे ही. 'तयार' हे. आणि हे खालचं कच्चं. हो हो, कच्चंच. — नुसती यादी दिसली म्हणजे खरं नाही? आत फुटलेलं असू शकतं, एखादी मोठी फाइल चालवून बघायला पाहिजे? बघा ना. बघाच. कुठलीही लावा. मोठी पाहिजे तर खालची, शेवटची, ती सगळ्यात मोठी दिसतेय. लावा हो, विचारताय काय, त्यासाठीच तर आलोय मी, चार महिने यासाठीच —

फरशी. हं. बघा, म्हटलं नव्हतं? फरशी. काळी-पांढरी, हा कुठला तरी हॉल. आलं चित्र, फुटलेलं नाही. हे त्याचे बूट. आणि हे मागचे, नाडी सुटलेले, हे माझे. आवाज नाही का? — वाढवा. आणखी. गलका आहे नुसता. भांडी. कुणीतरी खुर्च्या ओढतंय. थांबा, थांबा — हा तो. ऐका. 'जेवलास का' म्हणतोय. मला म्हणतोय. आणि हा मी, 'नाही, आधी सामान भरू'. आणि तो —

...

'जा, जेवून घे तू. मी आहे इथं.'

बंद करा.

बंद करा म्हणतो ना! — नाही, बिघडलेलं नाही काही. स्वच्छ येतंय. म्हणून तर. आवाज बंद करा, चित्र राहू दे, नाही, चित्र पण नको. — हात लावू नका मला. ठीक आहे मी. — किती वर्षं ती हे कानात घालून बसायची, हो. खोलीचं दार लावून. आणि आम्ही बाहेरून ओरडायचो, झालं का, गिऱ्हाईक आलंय.

ऐका. वहिनीला तिचा दोन डिस्कचा डबा द्या. सांगितलाय तस्साच. आरशासारखा. त्यात नुसतं तयार, गाणीवालं, दादाचा एक शब्द नको त्यात, तपासून बघा, एखादा चुकून राहिला असेल तर तोही काढा. आणि हे बाकीचं माझ्याकडे. सहा डिस्क, वेगवेगळ्या लॉटच्या, दोन गेल्या तरी चालतील असं. पुसायचं नाही यातलं काही. लावून पण बघायचं नाही. तुम्हाला तपासायचं असेल तर आवाज बंद करून तपासा. — ऐकणार कधी? मला काय विचारता. माहीत नाही. नुसतं असू दे.

नाही, चहा नको. बोलू नका माझ्याशी थोडा वेळ. तुम्ही करा तुमचं काम, मी बाहेर उभा राहतो.